एका लॅन कार्डावर अनेक आयपी ॲड्रेस: अडचण कुठे येते आणि ती कशी शोधायची?

समजा, जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे. ऑफिसात विंडोज सर्व्हर आहे, त्याला एकच लॅन कार्ड आहे. लीज्ड लाइन घेतलेली आहे. सर्व्हरवर बिलिंग चालतं, तिथूनच सॉफ्टवेअर थेट ई-वे बिल काढतं आणि धुळ्याच्या डेपोला दर तासाला स्टॉकची फाइल जाते. परवा ऑर्डर घेण्यासाठी नवी वेबसाइट सुरू केली, म्हणून त्याच कार्डावर आणखी एक आयपी ॲड्रेस टाकला. वेबसाइट छान उघडली आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला जाणारी गाडी भरून गेटवर उभी आहे, आणि ई-वे बिल निघत नाही. तेवढ्यात डेपोतून फोन येतो, "भाऊ, ऑर्डरची साइट उघडतेय, पण कालपासून स्टॉक आला नाही." सर्व्हरला पिंग जातं. इंटरनेट चालू आहे. मे महिना असेल तर पहिला संशय उन्हाने तापलेल्या स्विचवर जातो, मग लाइनवाल्यावर. प्रत्यक्षात दोघांचाही दोष नाही. दोष त्या नव्या आयपीत आहे, आणि तोही तो चुकीचा टाकला म्हणून नाही.

असा प्रसंग आला तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि दुरुस्ती कशी करायची, ते या लेखात बघू.

(एक सूचना: लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाकायचे. उदाहरणातले २०३.०.११३ ने सुरू होणारे आयपी फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत, ते खऱ्या सर्व्हरवर वापरू नका.)

आधी हे करा: गाडी थांबवू नका

सॉफ्टवेअरमधून ई-वे बिल निघत नसेल तरी ई-वे बिलाच्या पोर्टलवर ब्राउझरमधून लॉगिन करून ते हाताने काढता येतं. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ते करून गाडी रवाना करा. गाडी गेटवर उभी असताना घाईघाईत सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंग बदलल्या की एका चुकीच्या तीन होतात.

एका कार्डाला अनेक आयपी कशासाठी देतात?

एका लॅन कार्डाला दोन किंवा जास्त आयपी देणं अगदी नियमात बसतं. कार्डाचा मॅक ॲड्रेस एकच राहतो, आयपी मात्र अनेक असू शकतात. त्याची नेहमीची कारणं ही:

- जुना सर्व्हर बंद करून त्याचं काम नव्या सर्व्हरवर आणलं आणि जुना आयपीही सोबत आणला, म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरवर काही बदलावं लागत नाही.
- वेबसाइट, मेल, डेटाबेस यांना वेगवेगळे आयपी दिले, म्हणजे उद्या एखादी सेवा दुसऱ्या मशीनवर हलवणं सोपं जातं.
- एक सर्व्हर बंद पडला तर त्याचा आयपी दुसऱ्याने उचलायचा, अशी व्यवस्था केली.
- दोन वेबसाइटना दोन एसएसएल सर्टिफिकेटं हवी होती. हे कारण आता जुनं झालं. एसएनआय नावाची सोय २००३ साली प्रमाणित झाली आणि आजचे सगळे ब्राउझर ती वापरतात, त्यामुळे एकाच आयपीवर अनेक सर्टिफिकेटं चालतात.

लीज्ड लाइनवर बऱ्याचदा /२९ चा गट मिळतो, म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.२४८. त्यात एकूण ८ पत्ते असतात. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा आणि एक गेटवेचा. आपल्या हाती उरतात ५. आपल्या उदाहरणात गट २०३.०.११३.८ पासून १५ पर्यंत आहे, गेटवे .१४, सर्व्हरचा जुना आयपी .१० आणि नवा .१२.

मूळ मुद्दा: ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं

हा एक मुद्दा समजला की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

बाहेरून कुणी .१० वर आला तर सर्व्हर .१० वरून उत्तर देतो. .१२ वर आला तर .१२ वरून. म्हणजे येणाऱ्या कनेक्शनसाठी दोन्ही पत्ते सारखेच चालतात. म्हणूनच वेबसाइट उघडते आणि पिंगही जातं.

पण सर्व्हर स्वतःहून बाहेर कनेक्शन करतो तेव्हा त्याला एकच पत्ता निवडावा लागतो. एखाद्याच्या मोबाइलमध्ये दोन सिम असतात तसंच हे आहे. फोन दोन्ही नंबरवर येतो, पण आपण लावलेला फोन समोरच्याला एकाच नंबरवरून दिसतो. समोरच्याने आपला एकच नंबर सेव्ह केलेला असेल आणि अनोळखी नंबर तो उचलत नसेल, तर दुसऱ्या नंबरवरून लावलेला फोन वाया जातो.

इथे नेमकं तेच झालं. ई-वे बिलाची एपीआय आधी नोंदवलेल्या आयपीवरून आलेली विनंतीच स्वीकारते, आणि नोंदवलेला होता .१०. धुळ्याच्या डेपोतल्या राउटरवर नियम लावताना "फक्त .१० ला आत येऊ द्या" असंच लिहिलं होतं. नवा आयपी टाकल्यावर सर्व्हर .१२ वरून बाहेर बोलू लागला, आणि दोन्ही दरवाजे बंद झाले.

याच कारणाने तिसरी तक्रारही येऊ शकते, ती म्हणजे सर्व्हरवरून गेलेले मेल ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडणं. डोमेनच्या एसपीएफ नोंदीत जुनाच आयपी असतो, त्यामुळे नव्या आयपीवरून गेलेला मेल संशयास्पद ठरतो.

जुना आयपी सोडून विंडोजने नवा का निवडला?

"पहिला टाकलेला आयपी हाच मुख्य" असा अनेकांचा समज असतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून तसं राहिलेलं नाही. बाकीचे नियम सारखे ठरले तर विंडोज बघतं की कुठला आयपी गेटवेशी डावीकडून जास्त बिटांपर्यंत जुळतो.

आपले तीन पत्ते शेवटचा आकडा सोडून सारखेच आहेत. शेवटचा आकडा बायनरीत मांडून बघा:

- गेटवे १४ = ००००१११०
- जुना १० = ००००१०१०
- नवा १२ = ००००११००

डावीकडून मोजलं तर १४ आणि १० पाच बिटांपर्यंत जुळतात, १४ आणि १२ सहा बिटांपर्यंत. म्हणून .१२ जिंकला. गेटवे .९ असता तर गणित उलटं झालं असतं आणि जुना .१० च कायम राहिला असता. "आमच्याकडे तर दोन आयपी टाकून काहीच झालं नाही" असं दुसरा कुणी सांगतो, तो खोटं बोलत नसतो. त्याचे आकडे वेगळे असतात, एवढंच.

लिनक्समध्ये काय होतं?

लिनक्सची रीत वेगळी आहे. एकाच सबनेटमधला जो आयपी आधी लागतो तो प्रायमरी होतो, नंतरचे सेकंडरी. बाहेर जाताना, रूटमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, गेटवेच्या सबनेटमधला प्रायमरी वापरला जातो. इथे तीन ठिकाणी फसायला होतं:

- रीस्टार्टनंतर आयपी वेगळ्या क्रमाने लागले तर प्रायमरी बदलतो. महिनाभर नीट चाललेला सर्व्हर लाइट गेल्या-आल्यानंतर बिघडला असेल तर आधी हे बघा.
- प्रायमरी आयपी काढून टाकला की मूळ सेटिंगप्रमाणे त्याचे सेकंडरीही सोबत जातात. 'प्रमोट सेकंडरीज' ही कर्नेल सेटिंग चालू असेल तर पुढचा आयपी प्रायमरी होतो. दूरवरून लॉगिन करून काम करत असाल तर आयपी काढण्याआधी हे नक्की तपासा, नाहीतर गाडी काढून सर्व्हरपर्यंत जावं लागेल.
- 'आयपी ॲडर ॲड' कमांड देताना मास्क विसरलात तर आयपी /३२ म्हणून लागतो. तो त्या सबनेटचा सेकंडरी म्हणून धरला जात नाही.

आणखी एक. जुनी 'आयएफकॉन्फिग' कमांड नव्या पद्धतीने टाकलेले जादा आयपी बऱ्याचदा दाखवतच नाही. त्यामुळे "आयपी लागलाच नाही" असं वाटतं. नेहमी 'आयपी ॲडर' वापरा.

तपासणीचा क्रम

खालून वर जायचं, एका वेळी एकच गोष्ट बघायची आणि एकच गोष्ट बदलायची.

१. आयपी खरंच लागला आहे का?
विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' ला 'ऑल' जोडून बघा, लिनक्सवर 'आयपी ॲडर'. प्रत्येक आयपीचा मास्क बरोबर आहे का ते बघा. विंडोजमध्ये आयपीसमोर 'डुप्लिकेट' असा शब्द दिसला, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर थेट पुढच्या पायरीवर जा. डीफॉल्ट गेटवे एकदाच असावा. प्रत्येक आयपीसोबत गेटवे पुन्हा टाकायचा नसतो.

२. तोच आयपी दुसऱ्या कुणाकडे आहे का?
लीज्ड लाइनच्या पाच पत्त्यांतला एखादा कधीकाळी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला दिलेला असतो आणि सगळे विसरलेले असतात. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये वेगळा प्रकार घडतो. आपण हाताने टाकलेला आयपी राउटरच्या डीएचसीपी रेंजमधला असतो आणि राउटर तोच एखाद्या मोबाइलला देतो. अशा वेळी अडचण कधी येते, कधी जाते.

तपासण्यासाठी सर्व्हरवरून तो आयपी काढा आणि त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याला पिंग करा. मग 'एआरपी' कमांडला 'ए' पर्याय देऊन यादी बघा. सर्व्हरवर आयपी नसतानाही त्याच्यासमोर मॅक ॲड्रेस दिसला तर दुसरा मालक सापडला. पिंगला उत्तर आलं नाही तरी यादी बघाच, कारण काही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत. लिनक्सवर 'एआरपिंग' ला 'डी' पर्याय देऊन हेच काम होतं. विंडोज आयपी लावताना अशी तपासणी स्वतः करतं. लिनक्सचं कर्नेल आयपीव्ही४ साठी ती आपणहून करत नाही.

३. राउटरच्या आठवणीत जुना मॅक आहे का?
आयपी एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला असेल तर ही पायरी महत्त्वाची. कुठला आयपी कुठल्या मॅककडे आहे हे राउटर एआरपी टेबलमध्ये लिहून ठेवतो. एआरपीचं मूळ प्रमाण १९८२ चं आहे आणि आजही काम त्याच पद्धतीने चालतं. सिस्कोच्या राउटरमध्ये ही नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ४ तास टिकते. तोवर राउटर नव्या सर्व्हरचा माल जुन्याच पत्त्यावर टाकत राहतो.

याची खूण म्हणजे ऑफिसच्या आतून आयपी चालतो, बाहेरून चालत नाही. लाइट जाऊन आली की आपोआप सुरू होतं, कारण राउटर रीस्टार्ट झाल्यावर त्याचं टेबल कोरं होतं. लाइट जायची वाट बघू नका. राउटरमधली नोंद पुसा, किंवा लिनक्सवर 'एआरपिंग' ला 'यू' पर्याय देऊन नव्या मालकाची घोषणा करा.

४. सेवा त्या आयपीवर ऐकते आहे का?
विंडोजवर 'नेटस्टॅट' ला 'एएनओ' पर्याय, लिनक्सवर 'एसएस' ला 'एलटीएन'. यादीत ०.०.०.० दिसलं तर सेवा सगळ्या आयपींवर ऐकते. एखादा ठरावीक आयपी दिसला तर फक्त त्याच्यावर. आयआयएस वापरत असाल तर 'नेटएसएच' मध्ये 'एचटीटीपी शो आयपीलिसन' बघा. ती यादी रिकामी नसेल तर वेबसाइट फक्त यादीतल्याच आयपींवर उघडते, नव्यावर नाही.

युडीपी वापरणाऱ्या सेवांकडे वेगळं लक्ष द्या. अशी सेवा ०.०.०.० वर ऐकत असेल तर .१२ वर आलेल्या प्रश्नाचं उत्तर ती .१० वरून पाठवू शकते. विचारणारा ते उत्तर फेकून देतो.

५. बाहेर जाताना कुठला आयपी लागतो?
आपल्या उदाहरणातली खरी पायरी हीच. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' पुढे समोरच्या सर्व्हरचं नाव द्या, उत्तरात 'सोर्स ॲड्रेस' ची ओळ बघा. लिनक्सवर 'आयपी रूट गेट' पुढे समोरचा आयपी द्या, 'एसआरसी' पुढचा पत्ता बघा. तिथे .१० ऐवजी .१२ दिसला की निदान झालं.

मात्र सर्व्हरवर खाजगी आयपी असतील (उदाहरणार्थ १९२.१६८ ने सुरू होणारे) आणि मध्ये राउटर नॅट करत असेल, तर बाहेरच्या जगाला दिसतो राउटरचा आयपी. मग कुठल्या आतल्या आयपीला कुठला बाहेरचा आयपी मिळतो, तो नियम राउटरमध्ये बघावा लागेल. खाजगी आयपी व्हीपीएनने धुळ्यापर्यंत तसाच जात असेल तर मात्र डेपोच्या नियमाला आतलाच आयपी दिसतो.

६. फायरवॉलला नवा आयपी माहीत आहे का?
दोन्ही बाजूंचे नियम बघा, आपलेही आणि समोरचेही. इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे. रिमोट डेस्कटॉप आणि डेटाबेस ०.०.०.० वर ऐकत असतील, आणि राउटरचे अडवणारे नियम फक्त .१० साठी लिहिलेले असतील, तर नवा .१२ टाकल्या क्षणी ही दोन्ही दारं जगाला उघडी होतात. वेबसाइटसाठी टाकलेल्या आयपीवर ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट बाहेरून उघडे ठेवा.

७. रीस्टार्टनंतर टिकतं का?
लिनक्सवर कमांडने टाकलेला आयपी रीस्टार्टनंतर जातो, तो नेटवर्कच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. सगळं नीट झाल्यावर, सोयीच्या वेळी, एकदा सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून पाचवी पायरी पुन्हा तपासा.

दुरुस्ती

विंडोजवर जादा आयपीला 'स्किप ॲज सोर्स' ही खूण लावायची. अर्थ असा की या आयपीवर ऐक, पण स्वतःहून बोलताना हा वापरू नको. पॉवरशेलमध्ये 'सेट-नेटआयपीॲड्रेस' कमांडला आयपी द्यायचा आणि 'स्किपॲजसोर्स' ची किंमत 'ट्रू' करायची. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खूण लावलेला आयपी विंडोज आपणहून डीएनएसमध्ये नोंदवत नाही, म्हणून ती नोंद हाताने करा. आणि विंडोज सर्व्हर २००८ च्या काळातल्या आवृत्त्यांत नंतर नेटवर्कची खिडकी उघडून काही बदललं की ही खूण पुसली जायची. जुना सर्व्हर असेल तर बदल केल्यावर खूण परत तपासा.

लिनक्सवर डीफॉल्ट रूटमध्येच 'एसआरसी' लिहून हवा तो आयपी पक्का करा आणि ते नेटवर्कच्या फाइलमध्येही टाका. मग आयपी कुठल्याही क्रमाने लागोत, बाहेर जाणारा पत्ता तोच राहतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये "कुठल्या आयपीवरून कनेक्ट करायचं" अशी सेटिंग असते. मेल सर्व्हरमध्ये ती बहुधा असतेच. सोय असेल तर ती वापरा, कारण मग एका सेवेचा दुसरीला त्रास होत नाही.

नवा आयपीही सगळीकडे नोंदवून टाकणं हाही मार्ग आहे, पण तो एकटा पुरेसा समजू नका. ई-वे बिल, डेपो, मेल, बँक, एवढ्या ठिकाणी नोंद करायची आणि एखादं ठिकाण राहून जायचं. आधी बाहेर जाणारा पत्ता पक्का करा.

लक्षणावरून झटपट अंदाज

- बाहेरून आत सगळं येतं, आतून बाहेर काही ठरावीक ठिकाणीच जात नाही: पाचवी पायरी.
- कधी चालतं, कधी नाही: दुसरी पायरी, दोघांकडे एकच आयपी.
- ऑफिसात चालतं, बाहेरून नाही, आणि आयपी नुकताच हलवलेला आहे: तिसरी पायरी. हलवला नसेल तर सहावी.
- पिंग जातं, पण सेवा उघडत नाही: चौथी आणि सहावी.
- रीस्टार्टनंतर बिघडलं: सातवी, मग पाचवी.

नवा आयपी टाकण्याआधी

मुळात तो हवा आहे का, हे विचारा. दुसरी वेबसाइट त्याच आयपीवर वेगळ्या नावाने चालते. आयपीव्ही४ चे पत्ते तसेही मोजकेच आहेत. जगाचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला.

हवाच असेल तर एका कागदावर तीन रकाने आखा: आयपी, त्यावर कुठली सेवा ऐकते, आणि त्यावरून कोण बाहेर बोलतं. चौथ्या रकान्यात तो आयपी कुठे कुठे नोंदवलेला आहे ते लिहा. हा कागद सर्व्हरच्या रॅकवरच चिकटवा. काम शनिवारी संध्याकाळी करा, गाड्या भरायच्या सकाळी नको. आयपी टाकल्यावर वेबसाइट उघडली म्हणून उठू नका. एक ई-वे बिल काढून बघा, धुळ्याला एक फाइल पाठवून बघा, स्वतःला एक मेल करून बघा. तिन्ही झाले की मग कुलूप लावा.